रडणाऱ्या लेकराचा देव



पुनरुत्थानकाळ आणि कडक उन्हाळा आपल्याकडे दरवर्षी एकाच वेळी येतात. वेदीजवळ पास्काची मेणबत्ती तेवत असते आणि बाहेर पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढलेला असतो. शाळांना सुट्ट्या लागतात, काही कुटुंबे गावी जातात, काही इथेच राहतात. या दिवसांत घरभेटीला गेलो की एका प्रकारच्या घरात हमखास एकच प्रश्न ऐकायला मिळतो. त्या घरात दोन-अडीच वर्षांचे एक थोरले असते आणि काही महिन्यांचे एक तान्हे. चहा ठेवता ठेवता ती आई म्हणते, "फादर, दोन वर्षांत एकही मिस्सा धड ऐकली नाही. जपमाळ घेऊन बसले की एक उठतं, मग दुसरं रडतं. देव आमच्यावर नाराज असेल का?"

हा प्रश्न एका घरचा असता तर मी त्याच घरात उत्तर दिले असते. परंतु तो आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांचा आहे आणि त्याचे उत्तर फक्त त्या आईने नव्हे, तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे. म्हणून आजचे चिंतन या विषयावर.

घरातला उन्हाळा

ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांना ते दिवस विसरायला होतात. म्हणून आधी थोडे आठवून पाहू या.

आपल्या या शहराने कित्येक उन्हाळे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर काढले आहेत. पैठणचा नाथसागर जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण घरातला नळ कोरडा. पाण्याचा दिवस असला की पहाटे उठून ड्रम, टाक्या, बादल्या, कळशा भरायच्या. त्याच वेळी तान्हे दुधासाठी उठते. नवरा वाळूजला दुसऱ्या पाळीत असेल तर तो मध्यरात्री घरी आलेला असतो; त्याचे डोळे उघडत नाहीत. सकाळी अकरानंतर दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि चार-पाच वाजेपर्यंत त्या दोन खोल्यांत एका धावणाऱ्या मुलाला आणि एका कुशीतल्या बाळाला सांभाळायचे. बाळाच्या मानेवर घामोळ्या आलेल्या असतात. कुलरला पाणी घालावे तर ते पाणी भांड्यांना की कपड्यांना की कुलरला, याचा हिशेब करावा लागतो. दुपारी वीज गेली की झोपलेली दोन्ही मुले एकदम जागी होतात. संध्याकाळी जरा ऊन उतरले की थोरल्याला सिद्धार्थ उद्यानात किंवा पाणचक्कीला न्यायचे कबूल केलेले असते. तिथे त्याला उचलून घ्यायचे असते, कारण धाकट्याला घेतलेले त्याने पाहिलेले असते. रात्री सगळे आवरून आई जपमाळ हातात घेते आणि पहिले दशक संपण्यापूर्वी तिचा डोळा लागतो.

ही परिस्थिती कोणाची कीव यावी म्हणून मी सांगत नाही. या घरांत हसणेही भरपूर असते. कैरीचे पन्हे तोंडभर सांडलेले असते, परातीतल्या चार तांबे पाण्यात दोन्ही लेकरे डुंबत असतात, आणि तान्ह्याने पहिल्यांदा थोरल्याकडे बघून हसून दाखवले की सारे घर गोळा होते. परंतु या घरात एकांत नसतो, शांतता नसते आणि वेळ नसतो. प्रार्थनेला लागणाऱ्या म्हणून ज्या तीन गोष्टी आपण शिकलो, त्या तिन्ही नसतात. मग अशा घरात देव येतो की नाही?

हागारेची पाण्याची मसक

पवित्र शास्त्राच्या अगदी पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २१व्या अध्यायात, दोन मुले असलेल्या एका घराची कथा आहे. अब्राहामाच्या घरी धाकटा इसहाक आईच्या दुधावरून तुटतो आणि त्या दिवशी मोठी मेजवानी होते. थोरला इश्माएल हा दासी हागारेचा मुलगा. दोन मुलांवरून घरात ताण निर्माण होतो आणि शेवटी अब्राहाम पहाटे उठून हागारेला भाकरी व पाण्याची एक मसक देतो आणि तिला मुलासह घराबाहेर पाठवतो. बैरशेबाच्या रानात भटकता भटकता मसकेतले पाणी संपते. वर्षांचा हिशेब मांडला तर इश्माएल तेव्हा किशोरवयीन ठरतो. पण ही कथा मात्र त्याला आईने झुडपाच्या सावलीत टाकावे इतके असहाय लेकरू म्हणूनच दाखवते. हागार त्याला झुडपाखाली ठेवते आणि स्वतः बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते. आपल्या मुलाचे मरण डोळ्यांनी बघणे तिला शक्य नसते. ती तिथे हंबरडा फोडून रडते.

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्या. शास्त्रलेखक आईच्या रडण्याचा उल्लेख करतो. पण देवाने कोणाचा आवाज ऐकला हे सांगताना तो मुलाचे नाव घेतो. आईचे दुःख देवाला कळले नाही असे नाही. पण त्या रानात ज्याला शब्दांत काहीही मागता येत नव्हते त्याचा आवाज देवापर्यंत आधी पोहोचला, आणि त्या आवाजामुळे देवदूताने आईला हाक मारली. इश्माएल या नावाचा अर्थच मुळी 'देव ऐकतो' असा आहे.

आपल्या शहरातील मुस्लिम बंधुभगिनींनाही ही माता परिचित आहे. हजच्या यात्रेत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये ते सात फेऱ्या घालतात. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत हाजरा जी धावली, त्या धावण्याचे ते स्मरण असते. तहानलेले मूल आणि धावणारी आई सगळ्यांनाच समजते.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तुमचे बाळ मिस्सेत रडले तेव्हा तुमची प्रार्थना मोडली असे तुम्हाला वाटले. देवाच्या बाजूने पाहिले तर त्या क्षणी मंदिरात आणखी एक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला. ८ जानेवारी २०१७ रोजी, प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणाला, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये २८ बालकांना स्नानसंस्कार दिला. एक मूल रडले, त्याचे ऐकून दुसरे रडले आणि सारे चॅपेल त्या आवाजाने भरले. तेव्हा पोप महाशयांनी सांगितले की, गोठ्यातले रडणे हेच येशूचे पहिले प्रवचन होते असे मानायला मला आवडते. भुकेल्या बाळांना तिथेच निःसंकोच दूध पाजा, असे ते मातांना अशा प्रसंगी आवर्जून सांगत असत. जे सिस्टाइन चॅपेलमध्ये चालते ते आपल्या मंदिरात न चालण्याचे काहीच कारण नाही.

घरी राहणे पाप नव्हे

दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगतो, कारण याबाबत अनेकांच्या मनात विनाकारण भीती आहे. रविवारची मिस्सा चुकवू नये, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि तो आपण गांभीर्याने पाळतो. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २१८१ मध्ये, गंभीर कारणामुळे या बंधनातून सूट मिळते असे सांगताना दोनच उदाहरणे दिली आहेत. एक आजारपण आणि दुसरे तान्ह्या बाळांची देखभाल. जगभरच्या कॅथोलिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात, हजार कारणांपैकी दोन निवडताना, ख्रिस्तसभेला तुमचे घर आठवले आहे.

म्हणून ज्या रविवारी बाळाला ताप आहे, रात्रभर झोप नाही, बाहेर झळा आहेत, त्या रविवारी तुम्ही घरी राहिलात तर त्याची पापकबुली करायला येऊ नका. मात्र ही सूट म्हणजे सुट्टी नव्हे. जिथे शक्य आहे तिथे पती-पत्नींनी वाटणी करावी. एकाने शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला यावे, दुसऱ्याने रविवारी सकाळच्या. आमच्या पाहण्यात असे येते की वाटणी होते तेव्हा बहुधा बाबा मिस्सेला येतात आणि आई दोन्ही रविवारी घरी असते. बाबांनो, महिन्यातून निदान दोनदा तुम्ही दोन्ही मुलांजवळ बसा आणि तिला एकटीला मंदिरात येऊ द्या. तिने तो तास डोळे मिटून नुसता बसून काढला तरी चालेल.

प्रपंचातली भक्ती

आता कोणी म्हणेल, घरी राहिले, ठीक आहे. पण प्रार्थनेचे काय? इथे आपल्या धर्मप्रांताच्या कॅथेड्रलला ज्या संताचे नाव आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याकडे वळू या.

फ्रान्सिस डी सेल्स (१५६७ ते १६२२) हे जिनिव्हाचे बिशप. भक्ती ही मठातल्या लोकांसाठी, संसारी माणसाने जमेल तेवढे करावे, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. त्यांनी एका विवाहित स्त्रीला आध्यात्मिक सल्ला देणारी टिपणे लिहिली आणि त्यांतून १६०९ साली एक पुस्तक तयार झाले. भक्तिमय जीवनाची ओळख, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यात ते विचारतात, बिशपाने एकांतवासी संन्याशासारखे राहावे, संसारी माणसाने संन्याशाप्रमाणे काहीच साठवू नये, कारागिराने दिवसभर मंदिरातच बसून राहावे, हे शोभेल का? प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला, ताकदीला आणि जबाबदारीला साजेशी असली पाहिजे, असे त्यांचे सांगणे. जी भक्ती आपल्या कर्तव्याला मोडता घालते तिच्यात काहीतरी खोट आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले जाई की एखाद्या कृतीचा अर्थ ती कोणत्या हेतूकडे निघाली आहे त्यावरून कळतो. बाळाचे लंगोट धुणे हे काम म्हणून पाहिले तर कोणीही पैसे देऊन करून घेईल. पण पहाटे तीन वाजता, स्वतःला झोप असताना, जो जीव तुम्हाला धन्यवादही म्हणू शकत नाही त्याच्यासाठी तुम्ही उठता तेव्हा ती कृती प्रेमाकडे निघालेली असते. आणि देव प्रेम आहे असे आपण मानत असू, तर ती कृती देवाच्या दिशेनेच चाललेली आहे. तुम्ही फक्त एवढेच करा, उठताना एकदा प्रभूचे नाव घ्या. बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करा. मे महिना पवित्र मरियेचा महिना आहे. पाच दशके होत नसतील तर एक दशक म्हणा, आणि तेही पुरे होण्याआधी झोप लागली तर पुढचे देवदूत म्हणतील असे आपले जुने लोक सांगत, त्यावर विश्वास ठेवा.

थोरल्याचा हेवा

तिसरी गोष्ट त्या दोन-अडीच वर्षांच्या थोरल्याची. कालपर्यंत मांडी त्याची होती. आज तिथे दुसरे कोणी आहे. तो बाळाला चिमटा काढतो, पुन्हा बाटलीने दूध मागतो, सांगितलेले ऐकत नाही. मग घरातले म्हणतात, "हा फार हट्टी झालाय." पाहुणे येतात आणि चेष्टेत म्हणतात, "आता तुझे लाड संपले." अशी चेष्टा कृपया करू नका. त्या वयाला चेष्टा कळत नाही, त्याला ती बातमी वाटते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात अशाच एका तान्ह्याबद्दल लिहून ठेवले आहे. ते अजून बोलतही नव्हते, पण आपल्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे पांढऱ्याफटक चेहऱ्याने, कडवट नजरेने पाहत होते. ऑगस्टीन यांना त्यात मानवी स्वभावाची जन्मजात ओढाताण दिसली. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत जे होते तेच आज पडेगावात, सिडकोत आणि छावणीत आहे. म्हणजे तुमचे मूल बिघडलेले नाही. ते माणसाचे मूल आहे. अब्राहामाच्या घरात मोठ्यांनी दोन मुलांमधला हा ताण आपला करून घेतला आणि त्याची शिक्षा एका मुलाला मिळाली. आपण तसे करू नये. रोज दहा मिनिटे त्या थोरल्याची एकट्याची असू द्यावीत. हे काम बाबा करू शकतात, आजोबा करू शकतात. त्याला घेऊन पाण्याच्या तांब्याने झाडांना पाणी घाला, बाळाचे झबले आणायला त्यालाच पाठवा. प्रेम वाटले तर कमी होते असे त्याला वाटते आहे. ते तसे नसते, हे सांगून कळत नाही, तेवढी दहा मिनिटे दिली की कळते.

दूर जाऊन बसलेली आई

आता एका नाजूक गोष्टीबद्दल लिहितो. हागार लेकराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसली. वरवर पाहणारा म्हणेल, कसली ही आई? पण तिची ताकद संपलेली होती. तिचे प्रेम संपलेले नव्हते.

बाळंतपणानंतर काही मातांच्या बाबतीत असेच घडते. पहिल्या काही दिवसांत रडू येणे हे बऱ्याच जणींना होते आणि ते ओसरते. पण काहींना दोन आठवडे उलटून गेले तरी सतत उदास वाटते, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, बाळ झोपले तरी स्वतःला झोप येत नाही, आपण नसलेलेच बरे असे विचार येतात. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तो नजर लागल्याचा प्रकार नाही, विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही आणि नाटक तर मुळीच नाही. अशा आईला "आम्ही चार-चार मुले वाढवली, आम्हाला नाही असे झाले," हे ऐकवू नका. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटे ठेवू नका.

देवदूताने काय केले पाहा. त्याने हागारेला दोष दिला नाही. तिला नावाने हाक मारली आणि काय झाले म्हणून विचारले. भिऊ नको, असे सांगितले. मग म्हणाला, ऊठ, मुलाला उचलून घे आणि त्याचा हात घट्ट धर. आणि तेव्हा देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. विहीर तिथेच होती. थकलेल्या, रडून सुजलेल्या डोळ्यांना ती दिसत नव्हती, एवढेच. तिने मसक भरली आणि मुलाला पाणी पाजले.

विहीर कोणी व्हायचे?

बंधुभगिनींनो, इथे आपण सर्वजण या कथेत येतो. आपल्या आसपास दोन लहान मुलांची आई आपल्या खोलीत थकून बसलेली असेल तर तिच्याजवळची विहीर कोण? तिच्या मजल्यावरची काकू, छोट्या ख्रिस्ती समूहातली बहीण, निवृत्त झालेले आजोबा, सुट्टीला घरी असलेली नववी-दहावीची मुलगी. हे सगळे अगदी जवळ आहेत. फक्त त्यांनी स्वतःहून दिसले पाहिजे.

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू सांगतो की लहानांतल्या एकाला कोणी पेलाभर थंड पाणी दिले तरी त्याचे प्रतिफळ बुडणार नाही. तिथे 'लहान' म्हणजे प्रभूचे शिष्य, हे खरे. पण पाण्याच्या एका पेल्याची नोंद देव ठेवतो ही गोष्ट आपल्या शहराइतकी कोणाला कळणार?

पेलाभर पाण्याने काय होते याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्या हातात पेल्यांनी दिले आणि पाजत राहा असे सांगितले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ साली डॉक्टर निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जगभर लाखो मुले ज्या ओआरएसमुळे वाचली, त्याचे हे मोठे प्रात्यक्षिक घरच्या माणसांच्या हातांनी पार पडले.

म्हणून या उन्हाळ्यासाठी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवू या.

१. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. आजींना विनंती आहे की बाळाच्या घशाला कोरड पडेल या काळजीने चमचाभर पाणी देण्याऐवजी तो तांब्या बाळाच्या आईसमोर ठेवावा. पाणी तिला अधिक लागते.

२. मुलाला जुलाब झाले तर ओआरएसचे पाकीट घरात असू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा काहीही पोटात ठरत नसेल तर ताबडतोब दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट पाहू नये.

३. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय चालत नाही, पण साठवलेले पाणी चालायला लागलेल्या मुलासाठी धोक्याचे असते. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. हौदाला झाकण आणि कडी हवी, ड्रम झाकलेले हवेत. कुलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करावी, म्हणजे डासांची पैदास होणार नाही.

आपल्या मंदिरात

आता आपल्या मंदिराबद्दल. काही कुटुंबे मिस्सेला येण्याचे हळूहळू बंद करतात ते कोणत्याही वादामुळे नव्हे. बाळ रडले, पुढच्या बाकावरून कोणीतरी मागे वळून पाहिले, आणि ती नजर त्या आईच्या लक्षात राहिली. त्या एका नजरेमुळे दोन वर्षे, आणि पुढे कधी कधी दहा वर्षे, एक कुटुंब वेदीपासून दूर राहते. ते मूल मग प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वयाचे झाल्यावर आपण विचारतो की याला साधी क्रूसाची खूण कशी येत नाही? अब्राहामाच्या घरातून हागार बाहेर गेली तेव्हा तिच्याजवळ निदान भाकरी आणि मसक तरी होती.

म्हणून पुढील रविवारपासून उजव्या हाताच्या दाराजवळचे, पंख्याखालचे पहिले तीन बाक लहान मुलांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवत आहोत. मुद्दाम पुढचे निवडले आहेत. समोर काय चालले आहे ते दिसले की मुले कमी कंटाळतात. दाराबाहेरच्या सावलीत पाण्याचे माठ असतील. बाळाला घेऊन बाहेर जावे लागले तर जा आणि ते शांत झाले की पुन्हा आत या. परत येताना कोणाची क्षमा मागायची गरज नाही. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी शेजारी बसलेल्यांनी थोरल्याचा हात धरावा. ज्या बाळंतिणींचा सव्वा महिना चालू आहे किंवा ज्यांना उन्हात बाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्या घरच्यांनी कळवावे. आम्ही घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येऊ. आणि ज्यांना शांतपणे मिस्सा हवी आहे अशा ज्येष्ठांनाही माझी प्रेमाची विनंती आहे की तुमच्या शांततेची गरज मला समजते. पण ज्या धर्मग्रामात लेकरांचा आवाज नाही, तिथली शांतता थोड्याच वर्षांत स्मशानाची होते. तो आवाज येतो आहे तोवर देवाचे आभार मानू या.

या आठवड्यासाठी एकच संकल्प घेऊ या. आपल्या इमारतीत, गल्लीत किंवा समूहात तान्हे बाळ असलेले एक घर निवडा, मग ते ख्रिस्ती असो वा नसो. पाण्याच्या दिवशी त्यांचे दोन ड्रम भरून द्या, नाहीतर थोरल्याला तासभर आपल्या घरी खेळायला आणा, नाहीतर डाळ-भाताचा डबा पोहोचवा. आणि दारात उभे राहून उपदेश करण्यापूर्वी देवदूताप्रमाणे फक्त विचारा, "काय झालं गं?"

सर्वसमर्थ देव, जो लेकराचा आवाज ऐकतो, तो आपल्या घरांतील सर्व तान्ह्यांना, थोरल्यांना आणि त्यांच्या थकलेल्या आईवडिलांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आशीर्वाद देवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू